नाव घेण्याआधी



यंदाचा अंक रंगभूमीविषयी आहे आणि त्याची सुरुवात शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ने करावीशी वाटली. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्स राजापुढे या नाटकाचा प्रयोग झाला. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ते मराठीत आणलं. पुढे देवलांनी त्यावरूनच 'झुंझारराव' रचलं.

या नाटकाचा पहिला प्रवेश कान देऊन ऐकावा. सेनापतीच्या हाताखालचा इयागो आणि त्याचा साथीदार रॉडरिगो भर रात्री ब्रबॅन्शिओच्या घराखाली, त्याची मुलगी पळून गेली असा, आरडाओरडा करतात. ज्याच्याशी तिने लग्न केलं, त्या सेनापतीचं नाव मात्र कुणीच घेत नाही. तो 'मूर' असतो, जाड ओठांचा असतो, काळा मेंढा असतो, घोडा असतो. त्याचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसच्या ड्यूकच्या तोंडून. तुर्की आरमार सायप्रसवर चालून आलेलं असतं. राज्याला गरज पडते, तेव्हा नाव आठवतं आणि नावाआधी 'शूर' हे विशेषणही लागतं.

आपल्याला गोड बोलता येत नाही, असं ऑथेल्लो भर सभेत सांगतो आणि मग आपल्या प्रेमाची कहाणी इतकी सुंदर सांगतो की, ती ऐकून माझी मुलगीही भुलली असती, असं ड्यूक कबूल करतो. परक्याला तिथे नुसतं उभं राहायलाही असं बोलावं लागतं. इयागोवर ती सक्ती नाही. त्याच्या शब्दावर सगळे आपणहून विश्वास ठेवतात.

शब्दांचा खरा घाव पुढे दिसतो. तिसऱ्या अंकात डागाळलेल्या नावाला उपमा द्यायची वेळ येते, तेव्हा ऑथेल्लो स्वतःच्याच काळ्या चेहऱ्याची देतो. चौथ्या अंकात त्याची वाक्यं तुटू लागतात आणि इयागोची जनावरं त्याच्या तोंडी येतात. दुसऱ्यांनी दिलेली शिवी माणूस स्वतःविषयी खरी मानू लागतो, तिथे सत्तेचं काम पुरं होतं.

नावाआधी जात, रंग, गाव विचारण्याची खोड आपल्याही बोलण्यात मुरलेली आहे. घरातली मुलं ती आपल्याकडूनच उचलतात. म्हणून वाचकहो, एवढंच मागणं आहे: कुणाहीविषयी बोलताना आधी त्याचं नाव घ्या.



— संपादक