बायपास झाली म्हणजे आजार गेला?

आमच्या सोलापुरात कुणाची बायपास झाली की भेटायला येणाऱ्यांची वाक्यं ठरलेली असतात. "आता काय, नवीन इंजिन बसलं!" "वीस वर्षं बघायला नको!" पेशंटलाही ते ऐकून बरं वाटतं. मग सहा-आठ महिन्यांत गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून कमी होतात, चालणं पावसाळ्यात बंद पडतं ते पडतंच आणि जेवणानंतरची तंबाखूची चिमूट हळूच परत येते. विचारलं तर उत्तर तयार, "अहो, ऑपरेशन झालंय की आता."

मी डॉक्टर नाही. पण या विषयावर जे वाचलं आणि आजूबाजूला पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालंय. बायपासने माणूस वाचतो, पण आजार जात नाही. एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना नीट समजलं तर ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचेही बरेच निर्णय शहाणपणाने होतील.

शब्दातच सगळं आलंय खरं तर. शहराबाहेरून बायपास काढला की ट्रक बाहेरून जातात, पण म्हणून मधल्या मारुतीचा रस्ता रुंद होत नाही! हृदयाचंही तसंच. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य शाखा तीन, जेमतेम तीन-चार मिलीमीटर रुंदीच्या. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. सर्जन पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडतो आणि रक्ताला वळणरस्ता मिळतो. जुना अडथळा तिथेच राहतो. ज्या कारणांनी तो तयार झाला, ती कारणंही तिथेच. फक्त आता ती नव्या रस्त्यावरही काम करू लागतात.

अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला पायातली शीर वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली. आपल्याकडे पहिली बायपास १९७५ साली मद्रासच्या रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. पुढच्या अनुभवातून कळलं ते असं : छातीतली धमनी जोडली तर दहा वर्षांनीही दहापैकी साधारण नऊ जणांत ती उघडी असते. पायातल्या शिरांचं मात्र तसं नाही. जुन्या अभ्यासांत दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास शिरा बंद पडलेल्या किंवा खराब झालेल्या आढळल्या. तेव्हा 'वीस वर्षांची गॅरंटी' कुणी देत असेल तर ती भेटायला आलेल्या पाहुण्याची असते, सर्जनची नव्हे.

आता ऑपरेशनच्या आधीचं. आपल्याकडे टक्क्यांची मोठी दहशत आहे. "नव्वद टक्के ब्लॉक निघाला" म्हटलं की घर हादरतं आणि तासाभरात सही होते. इथे दोन वेगळ्या परिस्थिती ओळखायला हव्यात.

पहिली, चालू असलेला हार्ट ॲटॅक. छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं आणि विश्रांतीनेही न थांबणं. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी नुसती धाप किंवा मळमळ. इथे विचार करत बसायचं नाही. ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन वाट बघायची नाही आणि 'थेट पुण्यालाच नेऊ' असं म्हणून अडीचशे किलोमीटरची गाडीही काढायची नाही. जवळच्या हॉस्पिटलात आधी ईसीजी काढायचा. अँजिओप्लास्टी लगेच होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच देता येतं आणि ते पहिल्या काही तासांतच जास्त उपयोगी पडतं.

दुसरी परिस्थिती, चढ चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, महिनोन् महिने तसंच आहे. इथे बहुतेक वेळा दोन दिवस विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सवड असते. २०१९ साली जाहीर झालेल्या 'इस्किमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही होते. अशा स्थिर दुखण्यात आधी औषधं दिली काय आणि सुरुवातीलाच स्टेंट-बायपास केली काय, पुढच्या काही वर्षांत मृत्यू आणि हार्ट ॲटॅक यांत ठळक फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र ऑपरेशनवाल्यांचं जास्त कमी झालं. पण म्हणून "बायपास म्हणजे लुबाडणूक" असं म्हणणारेही चूकच! डाव्या मुख्य धमनीतच अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हतेच. आणि मधुमेह असून अनेक शाखांत अडथळे असतील, तर स्टेंटपेक्षा बायपास सरस, हे २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासाने दाखवलंय. म्हणजे टक्का विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा : अडथळा कुठे आहे, पंपिंग किती आहे, औषधांवर थांबलं तर काय होईल?

पैशाचं म्हणाल तर परिस्थिती थोडी सुधारली आहे. २ जुलै २०१२ ला राज्याची जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. आज तीच महात्मा फुले जनआरोग्य योजना. बायपास आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसतात. तेव्हा दागिना मोडण्याआधी रेशनकार्ड घेऊन योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. पण योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. पुढच्या वीस वर्षांच्या गोळ्या आणि पथ्य आपल्यालाच सांभाळायचं असतं.

आणि खरी लढाई तिथेच आहे. बावन्न देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात (२००४) दिसलं की पहिल्या हार्ट ॲटॅकचा बहुतेक धोका नऊ ओळखीच्या गोष्टींतून येतो. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोट सुटणं, ताण, व्यायाम नसणं वगैरे. आपल्या दक्षिण आशियातल्यांना पहिला झटका येतो तो सरासरी पाच-सहा वर्षं लवकर, पन्नाशीच्या थोडं पुढे. बाळासाहेब ठाकरे यांची बायपास करणारे डॉ. नीतू मांडके मे २००३ मध्ये हार्ट ॲटॅकनेच गेले, वय अवघं पंचावन्न. हजारो हृदयं हाताळलेल्या माणसालाही हा आजार सोडत नाही, तिथे आपण 'ऑपरेशन झालंय की' म्हणून निर्धास्त कसे राहणार?

आपलं गाव विड्यांचं. हजारो घरांची चूल त्या तंबाखूवर पेटते, त्यामुळे त्याबद्दल बोलायला आपण कचरतो. पण तंबाखू ओढली काय नि मळून खाल्ली काय, हृदयाचा धोका दोन्हीकडून वाढतो. "मी कुठे ओढतो, नुसती खातो" हा युक्तिवाद टिकत नाही.

असो, लांबलं जरा. तुमच्या घरी कुणाची बायपास झालेली असेल तर यावेळी सफरचंदं नेऊ नका. त्यांचा गोळ्यांचा डबा बघा. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची, साखरेची, कुठली बंद झाली आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते विचारा. उत्तर 'शेजारचे काका म्हणाले' असं आलं, तर उद्याच त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.