एका गोळ्यात गेम ओव्हर, चालेल?

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेलच. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' खेळता खेळता मध्येच ओरडणारा, "हे कसलं रिअलिस्टिक? खऱ्या युद्धात असं होतंच नाही!" आमच्याकडे हा मान माझ्या रूममेटचा. गंमत अशी, की या गेममध्ये एक गोष्ट अगदी खऱ्या युद्धासारखी होती आणि खेळाडूंना नेमकी तीच नकोशी झाली.

२४ मे १९४१. ग्रीनलँड आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रात ब्रिटनची 'हूड' आणि जर्मनीची 'बिस्मार्क' समोरासमोर आल्या. तोफा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तोच हूडवरचं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि जहाज दुभंगलं. जहाजावर १,४१८ जण होते. वाचले तीन.

आता हेच गेममध्ये आणा. मॅच २० मिनिटांची. तुम्ही ताटकळून एकदाचे आत शिरलात आणि एका गोळ्यात खेळ खलास! गेममध्ये हे 'डेटोनेशन' होतं. लोक इतके वैतागायचे, की ते टाळायची सोयही गेमनेच केली. 'ज्युलिएट चार्ली' नावाचा सिग्नल फ्लॅग लावला, की कोठार उडण्याची शक्यता शून्य. हूडला कुठला मिळायला असला झेंडा?

पाणबुड्यांचंही तेच. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन 'टाइप सेव्हन' पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉटने जायची, म्हणजे ताशी १४ किलोमीटर. या वेगाने ती २० मिनिटांत शत्रूला गाठणार कधी? म्हणून गेमने तिला पळवलं. 'सायलेंट हंटर'सारख्या कट्टर सिम्युलेटरमध्येसुद्धा घड्याळ पुढे पळवायची सोय आहेच. पाणबुडीवरचे दिवसच्या दिवस वाट बघण्यात जायचे, ते कोण खेळणार?

मला यात फसवणूक वाटत नाही. बुद्धिबळातला उंट तिरका चालतो म्हणून कुणी भांडतं का? मला खटकतं ते वेगळंच. तोफा, रंग, डेकवरच्या बारीकसारीक वस्तू इतक्या हुबेहूब असतात, की बाकीचंही तसंच असणार असं आपण धरून चालतो. पण पुढच्या वेळी जहाज बुडताना झूम करून बघा. डेकवर माणूसच नसतो.

हे गेमपुरतं राहिलं असतं, तर मी रूममेटशी वाद घालून गप्प बसलो असतो. पण मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी 'आर्मा ३' या गेममधल्या क्लिप्स खऱ्या हल्ल्याच्या म्हणून फिरल्या. त्यातली एक मीही फॅमिली ग्रुपवर टाकली होती. पत्रकारिता शिकणाऱ्या मी! कॅमेरा नेमका हवा तिथे, प्रत्येक स्फोट फ्रेमच्या मधोमध. शंका यायला हवी होती ती यावरूनच, आणि मला तर त्यामुळेच ती खरी वाटली.