भरतीच्या वेळी निरोगी, पेन्शनच्या वेळी जन्मरोगी!

भरतीच्या वेळी सैन्याचा डॉक्टर जवानाला नखशिखान्त तपासून ‘तंदुरुस्त’ ठरवतो. पुढे तोच जवान आजारी पडला, की वैद्यकीय मंडळ लिहिते, ‘आजार प्रकृतीचाच, सेवेशी संबंध नाही.’ एका ओळीत अपंगत्व पेन्शन बुडाली!

१९८५ साली भरती झालेल्या धरमवीर सिंग यांना नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या विकारामुळे असेच घरी पाठवले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले: भरतीच्या नोंदीत आजार नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे धरा, नाकारायचे तर मंडळाने कारणे द्यावीत, संशयाचा फायदा जवानाला. तरीही सरकार अपिले करीतच राहिले. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशा अनेक याचिका फेटाळल्या.

खोटा दावा कोणीच करीत नाही, असे आम्ही म्हणत नाही. लबाडाला जरूर पकडा, पण पुराव्यानिशी. संशय म्हणजे निदान नव्हे!

माजी सैनिक आज रेल्वे-टपालात आपल्या शेजारी काम करतात. नजर अधू झाली म्हणून इंजिनावरून उतरवलेला आपला ड्रायव्हरही डॉक्टरांच्या मंडळापुढेच उभा राहतो. म्हणून मागणी एकच: नकार द्याल तर कारण लेखी द्या, आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात द्या!