नव्या भूमिकेचं तिकीट काढा

एखादा नट एका भूमिकेत आवडला, की पुढची कित्येक वर्षं त्याच्या वाट्याला तशीच कामं येतात. दोष आपण निर्मात्यांना देतो. पण निर्मात्याची नजर तिकीटबारीवर असते आणि बारीसमोर आपणच उभे असतो. म्हणून गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या नाटकवेड्या घरांना ही विनंती.

रोहिणी हट्टंगडी यांचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या या अभिनेत्रीने रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२च्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण बा आणि आगाखान पॅलेसमध्ये अखेरचे दिवस मोजणाऱ्या बा, दोन्ही त्यांनीच उभ्या केल्या. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. एवढ्या यशानंतर नाना तऱ्हेच्या भूमिका चालून यायला हव्या होत्या. हिंदी सिनेमाने मात्र त्यांचे पडद्यावरचे पांढरे केस तेवढे लक्षात ठेवले. १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, प्रत्यक्षात बच्चन त्यांच्याहून मोठे.

१९८४चा ‘सारांश’ आठवा. शिवाजी पार्कात राहणारं, मुलगा गमावलेलं वृद्ध जोडपं. त्यातली पत्नी रोहिणीताईंनी केली. म्हातारे प्रधान झालेले अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आतले होते. दोनच वर्षांत ते ‘कर्मा’मध्ये खलनायक झाले, पुढे विनोदी भूमिकाही त्यांनी गाजवल्या. रोहिणीताईंच्या वाट्याला हिंदीत बहुतेकदा आईच आली. पुरुषाला म्हातारपण उतरवून ठेवता आलं, बाईला ते चिकटलं. २००१पासून दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ने त्यांना घरोघरी नेलं, तेही सासू म्हणूनच. त्यांचा खरा आवाका पाहायला मिळाला तो रंगभूमीवर. पती जयदेव हट्टंगडी यांनी दिग्दर्शित केलेलं ‘अपराजिता’ हे नाटक त्यांनी एकटीने पेललं.

आता आपल्या गिरगावचा लक्ष्मीकांत बेर्डे. साहित्य संघात नोकरी करता करता रंगमंचावर आलेल्या, ‘टूरटूर’ने गाजलेल्या या नटावर आपण भरभरून प्रेम केलं, पण ते हसवण्यापुरतं. जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) त्याने गंभीर भूमिका जीव ओतून केली. पटकथा पु. ल. देशपांडे यांची. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. प्रेक्षक मात्र गेले नाहीत. नटाने हिंमत केली होती, आपण केली नाही.

तेव्हा एवढं करा. ओळखीचा चेहरा अनोळखी भूमिकेत येतोय अशी जाहिरात दिसली, तर ‘लोक काय म्हणतात ते बघू’ म्हणत थांबू नका. शिवाजी मंदिरात किंवा साहित्य संघात सुरुवातीच्या प्रयोगांचंच तिकीट काढा. गल्ला जमला नाही की नाटक बंद पडतं, मग कौतुक करून काय उपयोग? मालिकेतला कलाकार भेटला तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा आणि सध्या नवीन काय करताय, हे विचारा. काम पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगा, पण ‘तुम्ही आपले विनोदीच करा’ असा सल्ला देऊ नका.

आणि सुरुवात आपल्या चाळीतून करा. गणेशोत्सवातल्या नाटकात दरवर्षी त्याच जाड्या मुलाला विनोदी नोकर आणि त्याच काकूंना आई करू नका. यंदा त्या मुलाला नायक करा, काकूंना वकील करा, न्यायाधीश करा. माणूस नेहमीच्या भूमिकेहून वेगळं काहीतरी करू शकतो, हे एकदा आपल्याच मांडवात पाहिलेला प्रेक्षक थिएटरातही नव्या भूमिकेला संधी देईल. असे प्रेक्षक वाढले, तर निर्मात्यालाही धाडस परवडेल.