आपली पानगळ ऑक्टोबरात नसते

ऑक्टोबर आला की मोबाइलवर लाल-केशरी झाडांचे फोटो सुरू होतात. अमेरिकेतले मेपल, मग श्रीनगरचे चिनार. त्याखाली आपल्याच लोकांची हळहळ : ‘आपल्याकडे असे काही नसते.’

हे साफ चूक आहे. नाशिकमध्ये ऑक्टोबरात झाडे हिरवीगार असतात, कारण आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तेव्हा देशी बदामाची पाने गळण्याआधी लालभडक होतात. पेठ-सुरगाण्याकडचा साग उघडा पडतो. पुढे कुसुंबाला पालवी फुटते ती लाल, पिंपळाला तांबूस. थंड मुलुखात पान मरताना रंगते. आपल्याकडे कोवळे पानही रंगते. तो लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपतो, असे वनस्पतिशास्त्र सांगते. हे सारे आपल्या शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला घडते आणि आपण फक्त कचरा झाडतो.

कोणी म्हणेल, फोटोचे काय एवढे? सांगतो. 2025च्या नोव्हेंबरात तपोवनातली झाडे साधुग्रामासाठी तोडण्याचा प्रस्ताव गाजला. नाशिककर रस्त्यावर आले. मी गप्प बसलो. कुंभमेळ्याच्या विषयात माझे नाव दिसले, तर बोलणे झाडांवरून धर्मावर जाईल, ही भीती. भीती खोटी नव्हती. गप्प बसणे मात्र चूक होते. सावली साधूंनाही लागतेच. नुसते ‘हे झाड असे होते’ एवढे दाखवावे म्हणून फोन उघडला, तर काश्मीरच्या सहलीतल्या चिनारांचे दीडशे फोटो निघाले. तपोवनाचा एकही नाही.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975चा कायदा आहे. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले. तोडण्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. पण ज्या झाडाकडे कधी पाहिलेच नाही, त्याच्याबद्दल आपण हरकत काय लिहिणार?

म्हणून सांगतो, चिनार जरूर पाहा. पण आपल्या गल्लीतले एक झाड निवडा. दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो घ्या, तारीख लिहा, मागची इमारत चौकटीत येऊ द्या. मी घराजवळच्या बदामापासून सुरुवात केली आहे. उद्या त्याच्या बुंध्यावर नोटीस लागली, तर या वेळी माझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल, आणि मी गप्प बसणार नाही.