क्षितिजचं नाव

शाळेच्या चित्रकला स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं छापायचं काम मी आपणहून घेतलं होतं. पायथनच्या ‘पिलो’ लायब्ररीने यादीतलं एकेक नाव पत्रकावर उमटवायचं, छोटासा प्रोग्राम. घरी लॅपटॉपवर सगळं नीट दिसलं. शाळेतल्या संगणकावर छापलं आणि तिसरीतल्या क्षितिजच्या हाती ‘क्‌षतिजि’ पडलं. तो मोठ्याने वाचायला लागला आणि मध्येच गप्प झाला.

‘फॉन्ट बदलून बघा,’ असं प्रत्येकाने सांगितलं. मुक्ता, नोटो, लोहित, सगळे लावले. काही फरक नाही. फॉन्टमध्ये अक्षरच नसेल तर रिकामा चौकोन येतो. इथे चिन्हं सगळी होती, फक्त त्यांची जागा चुकली होती.

युनिकोडमध्ये ‘क्षितिज’ हा शब्द सात चिन्हांचा आहे: क, पायमोड, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. ऱ्हस्व वेलांटी आपण हाताने आधी काढतो, पण साठवली जाते उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर. तिला व्यंजनाआधी आणायचं आणि क-ष जोडून क्ष करायचा, हे काम ‘हार्फबझ’ या लायब्ररीचं. ‘फ्रीटाइप’ फक्त सांगितलेला आकार काढतं. पिलो हार्फबझपर्यंत पोचते ‘रक्म’मार्फत, आणि रक्मला ‘फ्रीबिडी’ लागतं. फ्रीबिडी मुळात अरबी, उर्दूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहे. डावीकडून लिहिली जाणारी मराठी त्याच्यावाचून अडेल हे मला सुचलंच नव्हतं. शाळेच्या संगणकावर नेमकं तेच नव्हतं. मग पिलोने चिन्हं एकापुढे एक मांडली आणि काम पुरं केलं. चूक झाल्याचा एकही संदेश आला नाही.

माझा आक्षेप या गप्प राहण्याला आहे. फाइल सापडली नाही तर प्रोग्राम थांबतो. मुलाचं नाव मोडलं तरी तो पुढे जातो. रक्म आहे का, हे पिलोला एका ओळीत विचारता येतं. उत्तर ‘नाही’ आलं की माझा प्रोग्राम आता तिथेच थांबतो. त्या दिवशी फ्रीबिडी बसवून सगळी पत्रकं पुन्हा छापली. क्षितिजने नावावरून बोट फिरवलं आणि पत्रक दप्तरात ठेवलं.

शाळा असो, नगरपालिका असो की पतपेढी, मराठी छापणारं सॉफ्टवेअर घेताना त्यांनी ‘क्षितिज’, ‘शर्वरी’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे तीन शब्द छापून मागावेत. पहिल्यात वेलांटी आणि जोडाक्षर, दुसऱ्यात रफार. तिसऱ्यात ऱ्य बिघडून र्य झाला, तर स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर दिसतील. आणि ही छपाई विक्रेत्याच्या लॅपटॉपवर नको. जिथे काम रोज होणार आहे त्याच संगणकावर, बिल देण्याआधी.