दुधाविना चहा

ब्रिस्टॉलला शिकावयास गेलेल्या नातवाने दूध सोडले, तेव्हापासून आम्हां दोघांत अढी होती. कंदमूळ नाही, रात्रिभोजन नाही, एवढे पाळणाऱ्या घराला अहिंसा शिकविणारा हा कोण?

गेल्या वर्षी मार्चमध्ये तो मला नेल्सवर्थच्या टेकडीवर फुटबॉलचा सामना पाहावयास घेऊन गेला. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा १८८९ सालचा संघ. २०२२ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत चढला आणि २०२४ मध्ये घसरून पाचव्या श्रेणीत आला. पहिल्या चार श्रेणींखालील या फुटबॉलला तिकडे ‘नॉन-लीग’ म्हणतात. येथे २०१५ पासून मांस, अंडी, दूध काहीच विकत नाहीत. खेळाडूंनाही तेच अन्न. मैदानाच्या गवतावर कीटकनाशक फवारीत नाहीत, हे ऐकून मात्र मी चकित झाले. त्रसजीवांचा एवढा विचार! (पंचांना दूषणे देणाऱ्या शेजारच्या गृहस्थांना भाषासमिती ठाऊक नसावी.)

मध्यंतरात नातवाने पाय आणला. त्यात कांदा होता. मी परत केला. तो हसला नाही. मग ओटच्या दुधाचा चहा आणला. थंडी फार होती. मी तो संपविला.

परतताना त्याने विचारले, “आजी, चहा कसा होता?”

“पातळ,” मी म्हणाले. नंतर, माहेरी धार काढताना वासराला आचळापासून ओढून खुंटीला बांधण्याचे काम माझ्याकडे असे, ते त्याला प्रथमच सांगितले.